साखरेचं पाणी आणि अणुभट्टी

जर्मनीत ड्रेस्डेनजवळ रोसेनडॉर्फ म्हणून एक ठिकाण आहे. तिथल्या संशोधन केंद्रात एक अणुभट्टी आहे, जिच्या आरपार पाहता येतं. भिंती पारदर्शक अ‍ॅक्रिलिकच्या. आत युरेनियम नाही, किरणोत्सर्ग नाही, प्रचंड दाब नाही. खोलीच्याच तापमानाचं पाणी चार नळांतून येतं आणि फिरून परत जातं. ‘कॉनव्हॉय’ जातीच्या 1300 मेगावॅट वर्गातल्या जर्मन अणुभट्टीची ही प्रतिकृती आहे, सगळी मापं खऱ्याच्या एकपंचमांश. नाव ‘रोकॉम’. या यंत्रात तिथले शास्त्रज्ञ कधी मीठ घातलेलं पाणी सोडतात, कधी साखर घातलेलं.

मीठ पाण्याला खूण करतं. साखर पाण्याला जड करते. एवढ्या दोन वाण्याच्या जिनसांवर अणुसुरक्षेतला एक अवघड प्रश्न तपासला गेला, आणि तो तपासल्याशिवाय महासंगणकांनी काढलेल्या उत्तरांवर विश्वास कसा ठेवायचा हे कुणालाच ठरवता आलं नसतं.

  

प्रश्न असा: दोन प्रकारचं पाणी एकत्र आलं तर ते मिसळतं का? ऐकायला पोरकट वाटतो. पण आंघोळीच्या कढत पाण्यात विसण घालून न ढवळता हात बुडवलेल्या कुणालाही उत्तर माहीत आहे: वर चटका, खाली गारवा. ढवळणारा हात लागतो. अणुभट्टीत तो हात कुणाचा, आणि वेळेवर पुरेसं ढवळलं जातं की नाही?

दाबाखालच्या पाण्याच्या अणुभट्टीत, म्हणजे जगातल्या बहुतेक अणुवीज केंद्रांत असते तशा भट्टीत, पाणी साधारण 155 पट वातावरणीय दाबाखाली असतं. म्हणून सव्वातीनशे अंशांनाही ते उकळत नाही. कॉनव्हॉयमध्ये सेकंदाला जवळपास 19 टन पाणी फिरतं. चार जाड नळांतून ते सुमारे 290 अंशांना आत शिरतं, पोलादी पात्राची भिंत आणि आतलं पिंप यांच्यामधल्या कड्यासारख्या फटीतून खाली उतरतं, तळाशी वळतं आणि इंधनाच्या 193 जुड्यांमधून, म्हणजे गाभ्यातून, वर चढतं. वर पोचेपर्यंत 325 अंश.

हे पाणी उष्णता वाहून नेतं, तसंच बोरॉनही वाहून नेतं. पाण्यात बोरिक आम्ल विरघळवलेलं असतं. नैसर्गिक बोरॉनमधला सुमारे पाचवा हिस्सा असलेला बोरॉन-10 न्यूट्रॉन अधाशासारखे गिळतो, त्यामुळे पाण्यातलं बोरॉन कमी-जास्त करून अणुविखंडनाची साखळी आवरता येते. इंधन ताजं असताना दहा लाख भाग पाण्यात हजाराच्या वर भाग बोरॉन, इंधन संपत आलं की जवळपास शून्य. तमिळनाडूत कुडनकुलमला असलेल्या रशियन बनावटीच्या भट्ट्याही याच पद्धतीने चालतात.

आता समजा, भट्टी बंद आहे, बोरॉन भरपूर आहे, सगळं शांत आहे. आणि एका नळाच्या खोलगट भागात बिनबोरॉनचं शुद्ध पाणी साचलंय. असं कसं साचेल? एक वाट फार साधी आहे. छोटी गळती झाली, पंप थांबले, गाभ्यात पाणी उकळू लागलं. वाफ वर जाऊन बाष्पजनित्राच्या थंड नळ्यांत पुन्हा पाणी होते. वाफ आपल्याबरोबर बोरॉन नेत नाही, तेव्हा हे नवं पाणी जवळजवळ निर्मळ असतं. ते उतरून नळाच्या वाकणात साचत राहतं. मग पाण्याचा प्रवाह पुन्हा सुरू होतो, आणि हा निर्मळ पाण्याचा लोंढा गाभ्याकडे निघतो. वाटेत तो बोरॉनच्या पाण्यात मिसळला तर काही बिघडत नाही. न मिसळता जसाच्या तसा इंधनात शिरला, तर बंद भट्टीत साखळी पुन्हा पेटू शकते. सगळा निकाल वाटेतल्या काही मीटरांवर आणि काही सेकंदांवर.

रोकॉममध्ये या लोंढ्याला मिठाने खूण केली. खारट पाण्यातून वीज सहज जाते, शुद्ध पाण्यातून अगदीच कमी. हॉर्स्ट-मिखाएल प्रासर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोसेनडॉर्फला विकसित केलेला तारजाळीचा संवेदक इथे कामाला आला. बारीक तारांच्या दोन रांगा एकमेकींना काटकोनात, मध्ये किंचित अंतर. तारा जिथे एकमेकींवरून जातात त्या प्रत्येक जागी पाण्याची विद्युतवाहकता सेकंदाला 200 वेळा मोजता येते. कड्यासारख्या फटीत अशा जाळ्या बसवल्या, आणि गाभ्याच्या तोंडाशी प्रत्येक इंधनजुडीला एक अशी 193 मोजणीची ठिकाणं.

जे दिसलं ते पाहून मी तरी थक्क झालो. चारही पंप नीट चालू असताना चार नळांचं पाणी एकमेकांत मिसळेल अशी आपली कल्पना. प्रत्यक्षात प्रत्येक नळाचं पाणी मोठ्या प्रमाणात आपापला पाव हिस्सा धरून खाली उतरतं आणि गाभ्यातही आपल्याच चतकोरात शिरतं. एका नळात गार पाणी आलं तर गाभ्याचा एक चतकोर गार. पण चारही पंप बंद आहेत आणि एकच सुरू केला, तर चित्र पार पालटतं. त्या नळातून आलेली धार पिंपावर आदळून दुभंगते, दोन्ही बाजूंनी कड्याला वळसा घालते आणि गाभ्यात प्रथम पोचते ती नेमकी समोरच्या बाजूला. नळाच्या थेट खाली पाणी भोवऱ्यात घुटमळत राहतं. धोका ज्या दाराने आत आला, त्याच्या अगदी पाठीमागे जाऊन उभा राहिला!

मग साखर. अपघातात भट्टीत जे आपत्कालीन पाणी सोडतात ते गार असतं, म्हणून आतल्या पाण्यापेक्षा जड. प्रतिकृतीत सगळं पाणी एकाच तापमानाचं, तेव्हा साखर घालून पाण्याचा जडपणा वाढवायचा, शेकडा दहापर्यंत. प्रवाह मंद ठेवून हे जड पाणी सोडलं की ते वळसे घालत बसत नाही. नळाच्या तोंडापासून पट्ट्यासारखं सरळ खाली कोसळतं आणि गाभ्यात आपल्याच बाजूने शिरतं. तेच यंत्र, तोच नळ, फक्त पाणी थोडं जड आणि वेग थोडा कमी. उत्तर उलट्या बाजूला.

हा गार पट्टा आणखी एका कारणाने झोप उडवतो. 20 मार्च 1978 रोजी कॅलिफोर्नियातल्या रँचो सेको अणुकेंद्रात नियंत्रण कक्षात एक बारका दिवा बदलताना हातातून निसटला आणि पॅनेलमध्ये पडला. शॉर्ट सर्किट झालं, बऱ्याच मापकांचा वीजपुरवठा गेला, आणि नियंत्रण यंत्रणा खोट्या आकड्यांवर विसंबून वागू लागली. तासाभरात, किंवा त्याहून थोड्या जास्त वेळात, भट्टीतलं पाणी सुमारे 305 अंशांवरून 140 अंशांपर्यंत गार झालं. दाब मात्र चढाच राहिला. पोलाद त्या दिवशी टिकलं, कारण केंद्र नवं होतं. वर्षानुवर्षं न्यूट्रॉनांचा मारा खाल्लेलं पोलाद ठिसूळ होत जातं. अशा भिंतीवर गार पाण्याचा पट्टा कोसळला आणि आतून दाब असला, तर एखादी जुनी बारीक भेग पसरू शकते. त्या घटनेनंतर अमेरिकेत या विषयाचा कसून अभ्यास झाला आणि 1985 मध्ये नियमच आला. इंजिनिअरांना भिंतीवरचं सरासरी तापमान सांगून चालत नाही. नेमका कुठला पट्टा, किती रुंद, किती गार, किती वेळ, हे सांगावं लागतं.

इथे संगणक येतो. खऱ्या अणुभट्टीत साखर घालून पाहता येत नाही. प्रतिकृती एकपंचमांश, पाणी गार, वेग कमी; या सगळ्याचा परिणाम म्हणून खऱ्या भट्टीतला खळबळाट मोजण्याचा आकडा, ज्याला रेनॉल्ड्स अंक म्हणतात, रोकॉममध्ये शंभराहून जास्त पटींनी कमी असतो. मँचेस्टरच्या ऑसबर्न रेनॉल्ड्स यांनी 1883 मध्ये काचेच्या नळीत रंगाची बारीक धार सोडून दाखवलं होतं की वेग वाढवत नेला तर सरळ जाणारी धार एका टप्प्यावर अचानक फिस्कटते आणि सगळीकडे पसरते. त्या फिस्कटण्याचंच मोजमाप म्हणजे हा अंक. प्रतिकृतीवरून खऱ्या भट्टीवर उडी मारायची, तर मध्ये गणिताचा पूल हवा.

गणित जुनंच आहे. वाहत्या द्रवाची समीकरणं 1822 मध्ये क्लोद-लुई नेव्हिये यांनी मांडली, 1845 मध्ये जॉर्ज स्टोक्स यांनी त्यांना पक्कं रूप दिलं. दोन-तीन ओळींत मावतात. ती सुटतात का, त्यांचं उत्तर नेहमी सुरळीत राहतं का, हे सिद्ध करणाऱ्याला 2000 सालापासून दहा लाख डॉलरचं बक्षीस लावलेलं आहे आणि ते अजून कुणी नेलेलं नाही. कागदावर सुटत नाही म्हणून संगणकाला सांगायचं: सगळी जागा बारीक खोक्यांत कापून टाक, प्रत्येक खोक्यात दाब, वेग, तापमान, बोरॉन यांचा एकेक आकडा ठेव, आणि एक क्षण पुढे गेल्यावर शेजारच्या खोक्यांशी देवाणघेवाण होऊन ते आकडे किती झाले ते काढ. मग पुढचा क्षण. यालाच इंजिनिअर मंडळी सीएफडी म्हणतात. पुण्यात गाड्यांच्या, पंपांच्या, एसीच्या हवेसाठी हेच करणारी शेकडो मुलं-मुली आहेत. ‘मेश’ केलं, ‘रन’ टाकला, ‘कन्व्हर्ज’ झाला की नाही, ही त्यांची रोजची भाषा.

खोकी किती बारीक हवीत? पाण्यातला मोठा भोवरा फुटून छोटे होतात, छोट्यांतून आणखी छोटे, आणि हे चालतं पाण्याचा चिकटपणा त्यांना विझवेपर्यंत. सगळ्यांत छोटा भोवराही पकडायचा, तर खऱ्या भट्टीच्या नळासाठी हिशोब अंदाजे एकावर अठरा शून्यं इतक्या खोक्यांवर जातो. एकं, दहं, शतं म्हणत आपण जी शिडी पाठ केली, तिची शेवटची पायरी परार्ध, एकावर सतरा शून्यं. म्हणजे हे दहा परार्ध. एवढे आकडे साठवायला लागणारी स्मृती आज पृथ्वीवरच्या कुठल्याही महासंगणकात नाही. शिवाय खोक्याची बाजू निम्मी केली की खोकी आठपट होतात आणि क्षणही निम्मे करावे लागतात, काम सोळापट.

म्हणून तडजोड. खोकी मोठी घ्यायची आणि त्यांत न मावणारी खळबळ सूत्रांनी भागवायची. माझ्या मते या विषयातली खरी गंमत, आणि खरी भीती, या तडजोडीतच आहे.

एका खोक्यात एकच तापमान मावतं. समजा गरम आणि गार पाण्याची सीमारेषा खोक्याच्या मधोमध गेली: अर्धं 300 अंश, अर्धं 100 अंश. निसर्गात ते दोन वेगळे थर आहेत. संगणक लिहितो, 200. कुणीही ढवळलं नाही, पाणी मिसळलं नाही, पण वहीत मिसळलं! पुढच्या क्षणी ते 200 शेजारच्या खोक्यात जातं, तिथे पुन्हा सरासरी. खोकी जितकी जाडजूड, तितकं हे खोटं मिसळणं जास्त. आणि चूक नेमकी कुठल्या बाजूला झुकते पाहा. जाड खोक्यांचं गणित बिनबोरॉनचा लोंढा पसरवून टाकतं, गार पट्टा कोमट करतं. म्हणजे आळशी गणित भट्टी जास्त सुरक्षित असल्याचं दाखवतं. पूल बांधताना चुकलं तर इंजिनिअर सळ्या जास्त घालून सावरतो. इथे चूक स्वतःच गोड बोलते.

म्हणून या कामात एक जुना नियम आहे: जाळी बारीक करा, पुन्हा चालवा. उत्तर बदललं तर पहिलं उत्तर टाकून द्या. बदलेनासं झालं की मगच ते प्रयोगाशी ताडून पाहायला न्या. रोकॉमची मोजमापं याच कामासाठी अनेक देशांच्या गटांनी वापरली. युरोपीय संघाच्या ‘फ्लोमिक्स-आर’ प्रकल्पात तीच मध्यवर्ती होती. ज्या जातीच्या भट्टीसाठी हे सगळं केलं, त्या जातीच्या जर्मनीतल्या तिन्ही भट्ट्या 15 एप्रिल 2023 रोजी कायमच्या बंद झाल्या. त्या जर्मनीच्या शेवटच्या तीन होत्या. मोजमापं मात्र बंद होत नाहीत.

जागेची सरासरी फसवते, तशी काळाचीही. कित्येक वर्षं सीएफडीत प्रचलित असलेली सूत्रं वेळेची सरासरी काढतात: या जागी तापमान साधारण इतकं. बहुतेक कामांना ते पुरतं. फ्रान्समध्ये व्हिएन नदीकाठच्या सिव्हो केंद्रात 12 मे 1998 रोजी ते पुरलं नाही. केंद्राची पहिली भट्टी जेमतेम काही महिन्यांपूर्वी वीज देऊ लागली होती. भट्टी बंद असताना उरलेली उष्णता काढणाऱ्या नळात गळती सुरू झाली, तासाला सुमारे 30 घनमीटर. एक गरम नळ आणि एक गार नळ जिथे टी आकारात मिळतात, त्याच्या पुढच्या वाकणात सुमारे 18 सेंटिमीटरची भेग पडली होती. नळाचं सरासरी तापमान अगदी निरुपद्रवी होतं. पण दोन पाणी मिसळायला तयार नसल्याने त्यांची सीमारेषा भिंतीवर पुढेमागे फडफडत होती. क्षणात गरम, क्षणात गार. पोलाद तेवढ्यांदा फुगत-आक्रसत राहिलं आणि थकून फाटलं. सरासरी काढणाऱ्या गणिताला ही फडफड दिसतच नाही, कारण सरासरीत ती पुसली जाते. त्याच जातीच्या इतर फ्रेंच भट्ट्यांमधलेही हे नळ नंतर बदलावे लागले.

यावर जो तोडगा निघाला, तो हवामानशास्त्राकडून उसना घेतलेला आहे. जोसेफ स्मागोरिन्स्की यांनी 1963 मध्ये वातावरणाच्या गणितासाठी सुचवलं होतं: मोठे भोवरे प्रत्यक्ष मोजा, सूत्र फक्त बारक्यांपुरतं ठेवा. संगणक पुरेसे मोठे झाल्यावर ही रीत नळांत आली. तिची परीक्षाही मजेदार झाली. स्वीडनमध्ये एल्व्हकार्लेबी इथल्या प्रयोगशाळेत एक टी जोड उभारला. मुख्य नळ 14 सेंटिमीटर, फाटा 10 सेंटिमीटर, गार पाणी 19 अंश, गरम 36. तापमानातला फरक जेमतेम 17 अंशांचा. मोजमापं झाली आणि कुलपात ठेवली गेली. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या अणुऊर्जा संस्थेने जगभरच्या गटांना फक्त मापं आणि प्रवाह दिले आणि सांगितलं, आता तुमचं उत्तर पाठवा. 2010 मध्ये कुलूप उघडलं. मोठे भोवरे मोजणाऱ्या गणितांनी बहुतांशी बाजी मारली. पण एकाच रीतीने काम केलेल्या गटांची उत्तरंही एकमेकांपासून लांब गेलेली होती. रीत चांगली असून भागत नाही, ती चालवणाऱ्याच्या हातालाही किंमत आहे.

गेल्या काही वर्षांत मजल बरीच पुढे गेली. अमेरिकेच्या ओक रिजमधल्या ‘समिट’ महासंगणकावर 27,648 ग्राफिक प्रोसेसर जुंपून गोट्यांच्या इंधनाच्या एका अख्ख्या भट्टीतला प्रवाह काढला गेला: 3,52,625 गोट्या, त्यांच्या फटींमधून वळणारा शीतक, आणि हिशोबाचे बिंदू सुमारे 5,100 कोटी. हे ऐकून डोळे फिरतात. तरी दहा परार्धाच्या मानाने ते अजून उंबरठ्याशीच आहे.

आपल्याकडे हा प्रश्न निराळ्या वेषात येतो. पालघर जिल्ह्यातल्या तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या भट्ट्या, प्रत्येकी 540 मेगावॅटच्या, जड पाण्यावर चालतात. आडव्या पिंपात 392 नळ्या, नळ्यांत इंधन, आणि नळ्यांभोवती न्यूट्रॉनांचा वेग कमी करणारं जड पाणी. हे पाणी पंपाने फवाऱ्यासारखं आत सोडलं जातं, पण आत ते तापतं आणि तापलेलं पाणी आपसूक वर चढू पाहतं. फवारा एकीकडे ढकलतो, उष्णता दुसरीकडे. कोण जिंकतं ते प्रत्येक ठिकाणी वेगळं. अपघातात हेच पाणी उष्णता शोषणारा शेवटचा आधार ठरू शकतं, म्हणून त्यातला सर्वांत गरम कोपरा कुठे आहे आणि तो उकळण्यापासून किती दूर आहे हे आधीच माहीत हवं. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात यावर सीएफडीने काम झालेलं आहे. इथेही सरासरी तापमान सोपं, कोपरा शोधणं अवघड.

ज्यांच्याकडे बऱ्यापैकी लॅपटॉप आणि थोडी चिकाटी आहे, त्यांनी हे घरी करून पाहावं. ‘ओपनफोम’ नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. टी आकाराचे दोन नळ काढा, एकातून गार पाणी सोडा, दुसऱ्यातून गरम, आणि तापमानाला रंग द्या. पहिल्या चित्रात सगळं छान मिसळलेलं दिसेल. जाळी निम्म्या आकाराची करा आणि पुन्हा चालवा. गार-गरमातली सीमा अधिक ठळक होईल. पुन्हा निम्मी करा. चित्र बदलायचं थांबेपर्यंत हे चालू ठेवायचं असतं. बहुतेक वेळा लॅपटॉप त्याआधी हात टेकतो.